शीग कोणाच्या पदरात?

गेल्या अंकात फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यातली चार पत्रे या वेळी घेते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा गेली आहे, कारण त्याचे उत्तर लिहिताना माझी एकतीस वर्षांची नोकरी आठवत राहिली.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. तुमचा लेख आवडला, पण एक कोडे सुटत नाही. १७८९ मध्ये पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडला, १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. आणि १८०४ मध्ये त्याच देशात नेपोलियन सम्राट झाला! १८१४ मध्ये तर मारलेल्या राजाचा सख्खा भाऊ गादीवर आला. मग एवढे रक्त सांडून हाती राहिले काय? मला तर सगळे फुकट गेल्यासारखे वाटते.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमचा राग रास्त आहे. गिलोटिनखाली गेलेल्यांत सरदार थोडे आणि साधी माणसे जास्त होती, हे कळल्यावर असा प्रश्न पडायलाच हवा. पण तुम्ही हिशेब मांडता आहात तो गादीकडे बघून. तिथे बघत राहिलात तर खरेच काही हाती लागणार नाही. थोडे खाली उतरा, खळ्यावर या.

मी वजनमापे तपासणारी बाई. मापावर शिक्का मारायचा, खोटे माप जप्त करायचे, हेच माझे काम. मापाचा तळ आतून ठोकून वर आणलेला असला तर बोट फिरवताच कळते. त्यामुळे क्रांतीची पुस्तके वाचतानाही माझी नजर मापाकडे जाते.

क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये माप जहागीरदाराचे असे. कुळाने खंडाचे धान्य ज्या मापाने घालायचे ते माप वाड्यात, आणि ते बरोबर आहे की नाही हे सांगायचा हक्कही वाड्याचाच. धान्याच्या मापाला ते बोआसो म्हणत. नाव एकच, पण या गावचा बोआसो त्या गावच्या बोआसोशी जुळत नसे. खरी मेख मात्र भरण्यात होती. खंड घेताना माप शीग लावून घ्यायचे, म्हणजे काठावर धान्याची रास उभी राहील असे. तेच धान्य विकताना काठावरून फळी फिरवून सपाट द्यायचे. मधली शीग वाड्यात राहिली.

शीग म्हणजे चार दाणे, असे समजू नका. नोकरीत असताना मी एकदा करून पाहिले होते. सारख्याच मावेची दोन मापे घेतली, एक उंच आणि अरुंद, दुसरे पसरट. दोन्हींत गहू ओतला. पसरट मापावर रास एवढी चढली की माझा शिपाईही बघत राहिला. कारण साधे आहे. धान्याचा उतार तोच राहतो, त्यामुळे तोंडाचा व्यास दुप्पट केला की शीग आठपट होते. शिवाय धान्य खांद्याच्या उंचीवरून ओतले तर ते दबून बसते आणि त्याच मापात जास्त मावते. वाड्यावरच्या मापाड्याला हे सगळे ठाऊक होते आणि कुळालाही ठाऊक होते. पण कुळाने दाद मागायची कोणाकडे? न्यायही वाड्यातच होता.

म्हणून १७८९ च्या वसंतात राजाने गावोगावच्या तक्रारी लिहून मागवल्या तेव्हा कर, मीठ, शिकार यांच्या जोडीला वजनमापेही आली. राज्यात एकच वजन आणि एकच माप असावे, असे अनेक गावांनी आपापल्या कागदावर लिहिले. पुढे मीटर झाला त्याची मुळे तिथे आहेत. शास्त्रज्ञ नंतर आले.

ते आले तेही विलक्षणच. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असे ठरले. कोणाच्या राजाचा पाय नाही, कोणाचा हात नाही; जी जमीन सगळ्यांची, तिचेच माप. १७९२ मध्ये डेलाम्ब्र आणि मेशँ हे दोघे शास्त्रज्ञ त्या अंतराचा एक तुकडा, फ्रान्समधल्या डंकर्कपासून स्पेनमधल्या बार्सिलोनापर्यंतचा, मोजायला निघाले. देशात युद्ध पेटलेले, आणि हे लोक देवळांच्या मनोऱ्यांवर चढून दुर्बिणीसारखे काहीतरी रोखतात! पॅरिसजवळ सेंट डेनिसला जमावाने डेलाम्ब्रला अडवले, तेव्हा त्याला भर चौकात उपकरणे मांडून आपण काय करतो ते लोकांना समजावून सांगावे लागले. काम पुरे व्हायला सहा वर्षांवर काळ गेला. २२ जून १७९९ रोजी प्लॅटिनमचा मीटर सरकारी दप्तरात जमा झाला. आजच्या मोजणीने तो पाव मिलिमीटरच्या आत आखूड भरतो. मी आयुष्यभर फुटपट्ट्या तपासल्या; त्या काळी, तशा धामधुमीत एवढाच फरक, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते. याच क्रांतीने काळही बदलून पाहिला. आठवडा दहा दिवसांचा केला, दिवसाचे दहा तास केले, तासाची शंभर मिनिटे केली. ७ एप्रिल १७९५ चा एक कायदा आहे. त्याच कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे दिली आणि त्याच कायद्याने दहा तासांचे घड्याळ स्थगित केले. कागद एकच. त्यातली तीन नावे आज जगभर चालतात. दहा दिवसांचा आठवडा आणखी काही वर्षे रडतखडत चालला आणि १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने जुनी दिनदर्शिका परत आणली.

असे का झाले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, मापाने कुळाच्या डोळ्यांदेखत होणारी लूट थांबत होती. दहा दिवसांच्या आठवड्याने मात्र त्याचा रविवार गेला, सातव्या दिवशी मिळणारी विश्रांती दहाव्या दिवसावर गेली. ती मागणी कोणत्याही गावाने केलेली नव्हती.

मीटर लोकांनी लगेच डोक्यावर घेतला, असेही मी म्हणणार नाही. त्यांना माप सगळीकडे सारखे हवे होते. नवी नावे आणि दशांश नको होते. १८१२ मध्ये नेपोलियनलाही माघार घेऊन जुन्या नावांची मापे बाजारात चालू द्यावी लागली. शेवटी १ जानेवारी १८४० पासून मेट्रिक मापे सक्तीची झाली. मागणी झाल्यापासून पन्नास वर्षे! तरी फ्रान्सच्या भाजीबाजारात आजही कोणी ‘एक लीव्हर’ चेरी मागितली की विक्रेता काट्यावर ५०० ग्रॅम तोलून देतो. लीव्हर हे जुन्या वजनाचे नाव. नाव जुने राहिले आणि वजन क्रांतीचे झाले.

आणि तो परत आलेला राजा, अठरावा लुई? त्याने १८१४ मध्ये जी सनद दिली तिच्या नवव्या कलमात लिहून दिले की क्रांतीत जप्त करून विकलेल्या जमिनी ज्यांनी घेतल्या त्यांच्याकडेच राहतील. चर्चचा दशमांश कर परत आला नाही, जहागीरदाराची कोर्टे परत आली नाहीत, वाड्यातले माप परत आले नाही. राजा आला, पण ज्या घरात आला त्याच्या भिंती हललेल्या होत्या.

पॅरिसला मुलीकडे गेले होते तेव्हा व्होजिरार रस्त्यावर, सेनेटच्या समोर, एका कमानीखाली मुद्दाम गेले. लोकांना नवे माप कळावे म्हणून १७९६–९७ मध्ये शहरात सोळा ठिकाणी संगमरवरी मीटर भिंतीत बसवले होते. मूळ जागी राहिलेला हा एकच. मी पिशवीतली टेप काढून लावली. मुलगी म्हणाली, “आई, लोक बघताहेत.” बघू देत म्हटले. हा भिंतीतला मीटर येणाऱ्याजाणाऱ्यांनी आपला कपडा, आपली दोरी लावून पाहावी यासाठीच होता. माप वाड्यातून निघून रस्त्यावर आले, कोणीही हात लावावा असे. तुम्ही विचारता हाती काय राहिले. मी म्हणेन, तिथे हात लावून बघा.

प्रश्न : माझ्या भाचीचे लग्न गेल्या वर्षी ल्यों शहरात झाले. जावई कॅथलिक, घरचे धार्मिक. तरी आधी सगळ्यांना नगरपालिकेत नेले. खांद्यावरून तिरंगी पट्टा घेतलेल्या बाईंनी कायद्याची कलमे वाचली, सह्या झाल्या, मग चर्च. हॉलचे दार सताड उघडे होते, थंडी आत येत होती. माझी बहीण दार लोटायला उठली तर कारकुनाने हातानेच थांबवले. हा काय प्रकार?

उत्तर : तुमच्या बहिणीला थांबवले ते बरोबरच होते. लग्न सर्वांसमक्ष झाले पाहिजे, कोणाला हरकत घ्यायची असेल तर त्याला आत येता आले पाहिजे, म्हणून दार उघडे.

हा सगळा विधी २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्यातून आला आहे. त्याआधी जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद गावच्या धर्मगुरूच्या वहीत होई. त्याच्या वहीत नाव नसेल तर कायद्याच्या लेखी तुम्ही जन्मलाच नाहीत. प्रॉटेस्टंट पंथीयांवर १६८५ पासून १७८७ पर्यंत हीच वेळ होती. शंभर वर्षे! चोरून लावलेली त्यांची लग्ने कायदा मानत नसे, म्हणून मुले अनौरस, म्हणून वारसाही वादात. नाटकातल्या नटांनाही चर्च दूर ठेवी. १७९० मध्ये ताल्मा नावाच्या गाजलेल्या नटाचे लग्न लावायला पॅरिसच्या एका धर्मगुरूने नकार दिला, तेव्हा तो राष्ट्रीय सभेकडे, म्हणजे क्रांतीच्या लोकप्रतिनिधींकडे, दाद मागायला गेला.

१७९२ मध्ये ती वही धर्मगुरूच्या हातून काढून नगरपालिकेच्या टेबलावर ठेवली गेली. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, देव न मानणारा, सगळ्यांची एकच वही. मला विचाराल तर क्रांतीच्या साऱ्या घोषणांपेक्षा ही एक वही भारी आहे. आजही फ्रान्समध्ये कायद्याने लग्न लागते ते नगरपालिकेतच. त्याआधी धार्मिक विधी लावण्याचा परिपाठ ठेवणाऱ्या धर्मगुरूला सहा महिने कैद आणि ७,५०० युरो दंड होऊ शकतो. २०१३ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मिळाला तेव्हा वेगळी सोय करावी लागली नाही; तेच दालन, तीच वही, तोच पट्टा.

भाचीला माझे आशीर्वाद कळवा. तिला विचारा, वाचलेल्या कलमांत ‘परस्परांचा आदर’ हे शब्द होते का. असतील. त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. समता, बंधुता सगळे ठीक, पण बंधुतेत बहिणी कुठे होत्या? बायकांना काय मिळाले ते सरळ सांगा.

उत्तर : सरळ सांगते. मिळाले, आणि त्यातले बरेच काढूनही घेतले.

वर सांगितलेल्या २० सप्टेंबर १७९२ या दिवशीच घटस्फोटाचा कायदाही झाला. परस्परसंमतीने होत असे, आणि पटत नाही एवढ्या कारणावरही होत असे. रूआँ शहरात एकट्या पक्षाने केलेल्या अर्जांत बायकांचे अर्ज पुरुषांहून कितीतरी जास्त होते. दाराबाहेर पडायची वाट उघडली की आधी कोण बाहेर पडते, यावरून घरातली हवा कळते. पुढे १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी कायद्याच्या संहितेने ही वाट अरुंद केली, १८१६ मध्ये राजाच्या कायद्याने ती बंदच झाली. १८८४ मध्ये पुन्हा उघडली, तीही दोष सिद्ध केला तर. संमतीने वेगळे व्हायला १९७५ उजाडावे लागले. १७९२ मध्ये जे मिळाले होते ते परत मिळवायला १८३ वर्षे.

त्याच संहितेत एक वाक्य होते : नवऱ्याने बायकोला संरक्षण द्यावे, बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. नगरपालिकेत नवरीसमोर हे वाचले जाई. १९३८ मध्ये ते गेले. आज तिथे आदराचा शब्द आहे, आणि तोही २००६ चा.

आता जे राहिले ते सांगते. वारसा. नॉर्मंडीत भाऊ असले की बहिणीला आईबापांच्या इस्टेटीत जवळपास काही नसे. लग्नात जे दिले ते दिले. जानेवारी १७९४ च्या कायद्याने सर्व मुलांचा वाटा सारखा केला, आणि तोही मागे जाऊन, १७८९ पासून झालेल्या वाटण्यांना लागू. बहिणी कोर्टात गेल्या. वाटण्या उघडल्या गेल्या, घराघरांत भांडणे पेटली. पुढच्याच वर्षी मागे जाऊन लागू होण्याचा तो भाग रद्द झाला आणि हाती आलेले पुष्कळजणींच्या हातून गेले. पण सारख्या वाट्याचे तत्त्व १८०४ च्या संहितेतही टिकले. आजही फ्रान्समध्ये बाप मुलीला बेदखल करू शकत नाही. एक मूल असेल तर निम्मी इस्टेट त्याची राखीव, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. उरलेल्या भागाचेच मृत्युपत्र करता येते.

याला दुसरी बाजू आहे, जमिनीचे तुकडे. बरगंडीतला क्लो द वूजो हा द्राक्षमळा सिस्टर्शियन या ख्रिस्ती संघाच्या साधूंचा, सुमारे ५० हेक्टरचा, दगडी भिंतीच्या आतला. क्रांतीत जप्त होऊन विकला गेला, नंतर विक्री आणि वाटण्या होत गेल्या. आज त्याच भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत, काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी. वाटणी म्हटली की हे आलेच. तरी मी बहिणीच्या बाजूची आहे.

मताचा हक्क? ऑलिम्प द गूज या लेखिकेने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. बाईला वधस्तंभावर चढण्याचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असे त्यात आहे. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी ती वधस्तंभावर चढली. फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क १९४४ मध्ये मिळाला आणि पहिले मत १९४५ मध्ये पडले. हे लिहिताना मला अजूनही राग येतो.

प्रश्न : क्रांतीने एकच भाषा लादून बाकीच्या भाषा मारल्या असे वाचले. खरे का? मी निवृत्त भाषाशिक्षक आहे.

उत्तर : सर, खरे आहे, आणि या वारशाबद्दल मला सर्वांत वाईट वाटते.

आबे ग्रेग्वार हा धर्मगुरू आणि लोकप्रतिनिधी. ज्यूंना नागरिकत्व मिळावे म्हणून लढला, गुलामगिरीविरुद्ध लढला. चर्च, पुतळे, ग्रंथ फोडले जात होते तेव्हा त्या नासधुशीला ‘व्हँडलिझम’ हे नाव देऊन त्याने निषेध केला. मोठ्या मनाचा माणूस. त्यानेच १७९० मध्ये गावोगावी प्रश्नावली पाठवली आणि जून १७९४ मध्ये अहवाल मांडला, की किमान साठ लाख लोकांना फ्रेंच येतच नाही, शुद्ध बोलणारे तीस लाखांहून जास्त नाहीत. इथवर ठीक. पण निष्कर्ष काढला तो असा, की बाकीच्या बोली नाहीशा कराव्यात. कायदा सगळ्यांना कळायचा तर भाषा एक हवी, हा त्याचा विचार. मापाला जे लावले ते जिभेला लावले. धान्य मोजायला एकच माप हवे, हे मी शपथेवर सांगेन. भाषा हे माप नाही, हे त्या सज्जन माणसाला कसे दिसले नाही?

क्रांतीला स्वतःला ते जमले नाही, तेवढे शिक्षकच नव्हते. जमवले ते शंभर वर्षांनी, १८८० नंतरच्या सक्तीच्या शाळांनी. ब्रिटनी प्रांतात वर्गात ब्रेटन ही तिथली भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडाव किंवा तसलीच एखादी वस्तू बांधत. ती उतरवायची रीत एकच : ब्रेटन बोलणारा दुसरा मुलगा पकडून द्यायचा. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात राहील त्याला शिक्षा. १९५१ मध्ये शाळेत ब्रेटन शिकवायला प्रथम कायद्याची परवानगी मिळाली, १९७७ पासून ब्रेटन माध्यमाच्या शाळा निघाल्या. पण १९९२ मध्ये ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे वाक्य घटनेत घातले गेले, आणि प्रादेशिक भाषांची मागणी आली की आजही त्यावर बोट ठेवले जाते.

ब्रिटनीला मुलीबरोबर गेले होते तेव्हा आगगाडीत एक वृद्ध गृहस्थ समोर बसले होते. नव्वदीकडे झुकलेले. मुलगी दुभाषी झाली. लहानपणी ती खडाव गळ्यात घातली होती, म्हणाले. दोरी काथ्याची होती, मान सोलवटायची. हाताने गळ्याभोवती रेघ ओढून दाखवली. मी विचारले, मग तुम्ही ती कोणाला दिलीत? बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग मुलीला काहीतरी म्हणाले, आणि तिने मला सांगायला थोडा वेळ घेतला.

“धाकट्या भावाला.”